एस्थर आंटी, तुमचा प्रश्न तसाच राहिला

एस्थर आंटी, तुम्हाला मातीत ठेवत होते तेव्हा रूबेन अंकलनी मला विचारलं, "पोरी, कुणाची मयत आहे गं ही?"

ते व्हीलचेअरवर होते. तुमच्या भाचीनं, डेबोरानं, त्यांच्या डोक्यावर घरात सापडलेली काळी टोपी घातली होती, आणि मी खुर्चीचा दांडा धरून मागे उभी होते. आजूबाजूची माणसं सगळी भली होती, पण त्यांतल्या एकालाही ते वाक्य कळलं नाही. डेबोरानं मला इंग्रजीत विचारलं, काय म्हणतायत ते? मी म्हटलं, थंडी वाजतेय. तिनं लगेच गळ्यातला स्कार्फ काढून त्यांच्या गुडघ्यांवर पसरला. मी अंकलचा हात धरला आणि ते परत विचारायचं विसरतील याची वाट पाहिली. ते विसरले.

मग फावडं माझ्या हातात आलं. पहिली माती उलट्या फावड्यानं टाकायची, असं शेजारच्या बाईंनी हळूच सांगितलं. या कामाची आपल्याला घाई नाही, हे दिसावं म्हणून. उलट्या फावड्यावर माती फार थोडी राहते. तेवढीच टाकली.

हे मी मराठीत लिहितेय. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं. पण आपली रीतच होती ना, मी वाचायचं, तुम्ही दर दोन शब्दांनी थांबवायचं आणि अर्थ विचारायचा. शेवटी "आय सी" म्हणून चहाचं आधण ठेवायचं.

आपली ओळख तुमच्या त्या कार्डामुळे झाली. मी क्रॉयडनला एका विमा कंपनीच्या हिशेब विभागात नोकरीला, पण भाड्याची खोली मिळाली ती ट्रॅमनं पलीकडे, लंडनच्या तुमच्या भागात. तिथल्या लायब्ररीच्या बोर्डावर योगाच्या आणि हरवलेल्या मांजरांच्या जाहिरातींमध्ये तुमचं कार्ड होतं. माझ्या नवऱ्याशी मराठीत बोलणारं कुणीतरी हवंय, चहा मिळेल, एवढंच. मला वाटलं, कुणीतरी पुण्या-मुंबईचे आजोबा असतील. दारावरच्या पाटीवर कोकणातल्या एका गावाचं नाव आणि पुढं 'कर' होतं. दार तुम्ही उघडलंत. माझ्या कपाळावरच्या टिकलीकडे बघून म्हणालात, "ये, ये. माझा मराठी तुटका आहे. त्याचं चांगलं आहे."

तुम्ही भायखळ्यात जन्मलात आणि शाळेत जायच्या वयातच आईबापांबरोबर इथं आलात. मराठी तुमच्याकडे लहान मुलीइतकंच राहिलं, त्यातही लिंगांचा सगळा गोंधळ. अंकल मात्र तरुणपणी आले होते. जन्मभर इथल्या रेल्वेत सिग्नलचं काम केलं, घरीदारी इंग्रजीच बोलले. मग विस्मरणाचा आजार सुरू झाला आणि इंग्रजी एकेका शब्दानं गळत गेलं. मागं उरलं ते मराठी, तेही त्यांच्या आईचं. स्वतःच्या नवऱ्याशी बोलायला तुम्हाला दुभाषी लागायला लागला. हे तुम्ही मला हसत सांगितलंत. तुम्ही फार वाईट बातम्या हसतच सांगायचात.

शनिवारी नको, तो आम्हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, असं तुम्ही म्हणालात, म्हणून मी रविवारी यायला लागले. त्या रविवारांनी मला किती सावरलं, हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही. तुम्ही मला उपकार करणारी समजत राहिलात. खरं तर आठवडाभर ऑफिसात इंग्रजी बोलून घरी आल्यावर कुणी "जेवलीस का?" विचारणारं नव्हतं. ते अंकल विचारायचे. एका बैठकीत चारचारदा विचारायचे.

अंकलचं सुख होतं ते डे सेंटरमध्ये. कौन्सिलची, म्हणजे इथल्या पालिकेची, मिनीबस सकाळी न्यायची आणि दुपारी आणून सोडायची. तिथं जेवण होतं, पियानो होता, आणि तिथं काम करणारी ग्रेस होती. तुमच्या भाषेत, "तो ग्रेस फार चांगली आहे". अंकल तिथं लहानपणी ऐकलेली मराठी कीर्तनं म्हणायचे, योसेफाला भावांनी विहिरीत टाकलं त्याची कथा, मोशेची कथा. एक अक्षर न कळता सगळे टाळ्यांचा ताल धरायचे. तेवढ्या वेळात तुम्ही झोपायचात, बाजार करायचात, केस कापून घ्यायचात. तेवढाच वेळ तुमचा होता.

मग कौन्सिलनं सेंटर बंद करायचा प्रस्ताव आणला. प्रस्तावाचा कागद तुम्ही मला दाखवलात. पैसे नाहीत, हे कारण तर होतंच. पण त्याखाली लिहिलं होतं की अशी केंद्रं आता कालबाह्य झाली आहेत, कुटुंबांना 'निवड' हवी आहे, आणि याला एका संस्थेच्या अहवालाचा आधार दिला होता. तुम्ही तो अहवाल मागवलात. गुळगुळीत कागदाची पातळ पुस्तिका होती, मुखपृष्ठावर हसणारी आजी. तुम्ही ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलीत, मागचं पान उलटून पाहिलंत, आतलं पान पाहिलंत आणि मला विचारलंत, "हे छापायला पैसा कोणी दिली?"

मी हसले. तुम्ही हसला नाहीत.

तुम्ही टाउन हॉलमध्ये समित्यांच्या बैठकांची इतिवृत्तं लिहिण्यात नोकरी काढली होती. तिथं बैठक सुरू होताना पहिला विषय ठरलेला असायचा: या कामात कुणाचा काही हितसंबंध असेल तर आधी सांगा. कुणी म्हणायचं, माझ्या मेव्हण्याचं त्या रस्त्यावर दुकान आहे. ते लिहून घ्यायचं, मग चर्चा. "ते सांगितला की माणूस वाईट होत नाही," तुम्ही मला समजावलंत, "फक्त आपल्याला कळतं, तो कुठे बसून बोलतो." तुम्हाला अहवाल खोटा आहे असं म्हणायचंच नव्हतं. तुम्हाला एवढंच हवं होतं की ज्यांच्या पैशानं तो लिहिला गेला त्यांचा, सेंटर बंद पडल्यावर चालेल असा, घरी येऊन सेवा देण्याचा धंदा आहे की नाही, हे कुणीतरी सांगावं.

मी हिशेबातली, म्हणून मला कामाला लावलंत. ती संस्था शैक्षणिक धर्मादाय म्हणून नोंदलेली होती. तिचे वार्षिक हिशेब सगळ्यांना बघता येतात, ते मी तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉपवर उघडून दाखवले. पगार, भाडं, छपाई सगळं होतं. आणि देणग्या, एका ओळीत. कुणाच्या, ते नाही. कायद्याला एवढंच पुरतं. वर तिला कर माफ, आणि माणसानं दिलेल्या पाउंडावर सरकार आपल्या तिजोरीतून भर घालतं. ते ऐकून तुम्ही चष्मा काढलात. "म्हणजे माझा टॅक्स पण त्यात आहे," तुम्ही म्हणालात. "मी पण देणगीदार. माझा नाव तरी सांगा म्हणावं."

तिथून आपला वाद सुरू झाला. तो संपला नाही, आणि आता एकटीनं कसा संपवायचा मला माहीत नाही.

मी म्हणत होते की नाव न सांगण्यात काही पाप नाही. आमच्याकडे गुप्तदान सगळ्यांत श्रेष्ठ. माझ्या वडिलांनी त्यांच्या शाळेला एक खोली बांधून दिली आणि दारावर नाव लावू दिलं नाही, अजून तिथं कुणाला माहीत नाही. तुम्ही म्हणालात, आमच्यात पण तेच, देणाऱ्याला घेणारा दिसू नये आणि घेणाऱ्याला देणारा, ते मोठं दान. मग कप विसळता विसळता थांबलात. "तुझ्या वडिलांनी खोली दिली. मग आत येऊन सांगितलं का, मुलांना काय शिकवायचं?"

"नाही."

"मग ते दान. हा दान नाही. हे लोक पैसा देऊन बोलतात. बोलणाऱ्यानं तोंड दाखवला पाहिजे."

मी तेव्हा काहीतरी उत्तर दिलं, आठवत नाही. चांगलं नसणार.

तुम्ही सेंटर वाचवायला एक छोटा गट उभा केलात. नवरे, बायका, लेकी, सगळे कुणा ना कुणाची देखभाल करणारे. पत्रकं छापायची, मिनीबस भाड्यानं घेऊन सगळ्यांना कौन्सिलच्या सभेला न्यायचं ठरलं. त्यासाठी पैसे देणाऱ्याचं नाव लायब्ररीच्या बोर्डावर लावायचं, हा तुमचा नियम. पहिलं नाव तुमचं. माझंही लावलंत, स्पेलिंग चुकवून. मी व्हिसावर आहे, माझं नाव कुठल्याही मोहिमेच्या यादीत दिसलेलं मला नको वाटत होतं. तुम्ही माझा चेहरा पाहिलात आणि विचारलंत, काढू का? मी नको म्हटलं. काढा, असं तुम्हाला सांगणं जमलं नाही.

आणि मग ग्रेस आली. ती सेंटरच्या पगारावर होती. बोर्डावर नाव लागलं असतं तर जी काही दुसरी जागा मिळायची आशा होती तीही गेली असती. तिनं पाकीट तुमच्या हातात दिलं आणि म्हणाली, माझं नाव नको. त्या पैशांत मिनीबस झाली असती. तुम्ही तिला बसवलंत, चहा दिलात, आणि पाकीट परत केलंत.

मी इतकी चिडले होते, आंटी. ग्रेस गेल्यावर मी तुमच्यावर आवाज चढवला. म्हटलं, तुम्ही करताय काय? जे मोठे आहेत ते कुणालाच नाव सांगत नाहीत, त्यांचं कुणी काही वाकडं करत नाही. आणि तुमचा नियम लागतो कुणाला, तर ग्रेसला. जी रोज अंकलचे बूट घालून देते तिला.

तुम्ही खाली बघत टेबलावरचा चुरा गोळा करत होतात. "आय नो," तुम्ही म्हणालात. मग म्हणालात, "पण मी तिचं पाकीट घेतलं तर त्यांना कुठल्या तोंडानं विचारू?"

मिनीबस झाली नाही. ज्यांना बसनं येता आलं ते आले. ग्रेस त्यानंतर तुमच्या घरी आली नाही आणि ते तुम्हाला लागलं होतं. तिच्या आवडीची बिस्किटं बरेच दिवस डब्यात तशीच होती. तुमचं बरोबर होतं की माझं, मला आजही ठरवता येत नाही. मयतीला ती आली होती. मागे उभी होती. तिनं माती टाकली आणि अंकलच्या बुटाची नाडी सुटली होती ती खाली बसून बांधली, आणि गेली.

अहवाल काढणाऱ्या त्या संस्थेची वेस्टमिन्स्टरला एक जाहीर सभा होती, वृद्धांच्या सेवेवरच. तुम्ही मला रजा काढायला लावलीत. अंकलना सेंटरवर सोडून आपण ट्रेननं गेलो. तुम्ही तुमचा चांगला निळा कोट घातला होता. चकचकीत दालन, सँडविचेस, तरुण मुलंमुली. प्रश्नांची वेळ आली तेव्हा तुम्ही हात वर केलात आणि माईक येईपर्यंत वरच ठेवलात, दुसऱ्या हाताचा आधार देऊन. तुम्ही काहीही आढेवेढे न घेता विचारलंत, हा अहवाल लिहायला पैसे कुणी दिले?

व्यासपीठावरचा तरुण संचालक फार सभ्यपणे बोलला. आम्ही सगळ्या देणगीदारांचे ऋणी आहोत, त्यांच्या खासगीपणाचा मान राखतो, आणि पैशाचा आमच्या संशोधनावर काही परिणाम होत नाही. तुम्ही म्हणालात, मग नाव सांगायला काय हरकत आहे? पण माईक तोवर पुढच्या रांगेत गेला होता. तुमचा आवाज माझ्यापर्यंत आला, आणि फार तर पुढच्या दोन डोक्यांपर्यंत.

सभेनंतर तो स्वतः आपल्याकडे आला. तुम्हाला पाणी आणून दिलं, अंकलची चौकशी केली. त्याच्या आजीलाही तोच आजार होता. तो आजीबद्दल बोलला ते खरं होतं, डोळ्यांत दिसत होतं. परतीच्या ट्रेनमध्ये तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "तो वाईट माणूस असता तर बरा झाला असता."

मग तुम्ही धर्मादाय संस्थांच्या नियामकांकडे तक्रार केलीत. उत्तर यायला खूप दिवस लागले आणि ते आलं तेही सभ्यच होतं. तपासलं, नियम मोडलेला दिसत नाही. मला वाटलं तुम्ही खचाल. तुम्ही मान हलवलीत. "तेच तर मी म्हणते. नियम मोडला नाही. नियमच नाही."

सेंटर बंद झालं. शेवटच्या दिवशी पियानो कुठल्यातरी चर्चनं नेला. सकाळी मिनीबसच्या वेळेला अंकल कोट घालून दारात उभे राहायचे, आणि तुम्ही मला फोन करून मराठीत त्यांना समजावायला सांगायचात. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून सांगायचे, आज सुट्टी आहे अंकल. ते म्हणायचे, बरं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोट. तुमच्या वाट्याचा तो दुपारपर्यंतचा वेळ गेला तो गेलाच. कौन्सिलनं 'निवड' दिली होती, म्हणजे घरी माणसं पाठवणाऱ्या कंपन्यांची नावं. त्यांच्याकडून येणाऱ्या बायका दर खेपेला नव्या असायच्या, मराठी तर सोडाच, त्यांना अंकलचं नावही नीट घेता यायचं नाही, आणि ते त्यांना घाबरायचे. मग तुम्ही सगळं स्वतःच करायला लागलात. तुमचे पाय सुजलेले मी पाहत होते. डॉक्टरकडे जा म्हटलं की म्हणायचात, याच्याजवळ कोण बसेल? मी रविवारी बसायचे. डॉक्टर रविवारी नसतो.

तुमच्या छातीत दुखायला लागलं तेव्हाही ॲम्ब्युलन्सवाल्यांना तुम्ही आधी अंकलची सोय करायला सांगितलंत, असं शेजारच्यांनी सांगितलं. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा तुम्ही बोलत होतात, पण अगदी हळू. मला म्हणालात, "त्याला मराठीत सांग, मी येते." मी तसं सांगितलं. येते म्हटल्यावर ते निर्धास्त झाले. तुम्ही आला नाहीत.

त्या अहवालानं तुमचा जीव घेतला, असं मी म्हणणार नाही. तुम्हालाच ते आवडलं नसतं. पुरावा काय, विचारलं असतंत. पैसे नव्हतेच, तुमचं हृदय दुबळं होतं, सेंटर कदाचित तसंही बंद झालं असतं. मला काहीच सिद्ध करता येत नाही. तोंडच दिसत नाही, तर भांडू कुणाशी? बोट दाखवायला जावं तर समोर फक्त भली, सभ्य माणसं, आजीवर प्रेम करणारी.

डेबोरानं घर आवरायला माझी मदत घेतली. ती मँचेस्टरहून येऊन-जाऊन करते, तिचे हाल मला दिसतात. दारात टपाल साठलं होतं. त्यात त्या संस्थेचं पत्र होतं, तुमच्या नावानं. आपण सभेला नाव नोंदवलं होतं ना, म्हणून त्यांच्या यादीत तुम्ही हितचिंतक झालात. तुमच्या मृत्युपत्रात आमची आठवण ठेवा, असं त्यांनी लिहिलं होतं. आणि खाली, आपली इच्छा असल्यास आपलं नाव कुणालाही कळवलं जाणार नाही. डेबोरानं ते वाचलं आणि विचारलं, आंटी यांना पैसे देत होती का? मी तिला सगळं सांगायला सुरुवात केली. तिनं शांतपणे ऐकलं, पण तिला घराच्या किल्ल्या एजंटला द्यायच्या होत्या. ते पत्र मी रद्दी कागद-पुठ्ठ्यांच्या पेटीत टाकलं. दुसरं काय करायचं, मला सुचलं नाही.

अंकल आता ट्रॅमच्या शेवटाजवळच्या एका केअर होममध्ये आहेत. मी रविवारी जाते. जागा वाईट नाही. खिडकीतून कारपार्क आणि एक चेरीचं झाड दिसतं. कीर्तन म्हणत नाहीत आता. आपण कुठल्याशा हॉटेलात उतरलोय असं त्यांना वाटतं, आणि तिथलं बिल कसं भागणार याची त्यांना फार काळजी लागलेली असते. गेल्या रविवारी चहा आला तर कपाला हात लावेनात. मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "पोरी, ह्याचे पैसे कोणी दिले?"

"एस्थरनं दिले," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा इतका सैल झाला, आंटी. बशी जवळ ओढली, कपातून चहा ओतला आणि फुंकर घालून पिऊ लागले. मग म्हणाले, "नेहमी तीच देते. तिला सांग, पुढच्या वेळी मी देणार."

मी सांगते म्हटलं. हे सगळं लिहायला बसले ती त्यासाठीच. तुमच्यापर्यंत निरोप पोचवायची दुसरी वाट मला ठाऊक नाही.